महाजालावरील महाभारत : साधनांची विश्वसनीयता आणि पाठचिकित्सेची शिस्त

तौलनिक साहित्याभ्यासाच्या प्रबंधिकांमधून 'महाभारतात असे म्हटले आहे' या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये वारंवार भेटतात. वाक्याच्या शेवटी संदर्भ दिलेला असतो आणि अलीकडच्या काळात तो बहुधा एखाद्या संकेतस्थळाचा असतो. मार्गदर्शक त्यावर हरकत घेतात ती दोन प्रकारची. एक, महाजालावरचे साधन मुळातच ग्राह्य नाही. दोन, महाजालावरचे साधन चालेल, पण ते 'विश्वसनीय' असावे. पहिली हरकत आता कोणी फारशा आग्रहाने मांडत नाही. दुसरी सर्वमान्य झाली आहे आणि तीच अधिक घातक आहे, कारण विश्वसनीयता हा साधनाच्या अंगचा गुण आहे, तो एकदा तपासून शिक्का मारता येतो, अशी समजूत तिच्या मुळाशी आहे. हे महाभारत कोणते, हा साधा प्रश्न मात्र दोन्ही हरकतींच्या बाहेर राहतो.

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत या प्रश्नाला वेगळी धार आहे. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी संकेतस्थळावर वाचलेले विधान मनात आणले तर मुद्रित ग्रंथाशी ताडून पाहू शकतो. मराठी अध्यासनाच्या चार कपाटांवर विसंबून राहणाऱ्या, किंवा मराठी न येताही मराठी साहित्याचा तौलनिक विचार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तो पर्याय नसतो. त्याच्यासाठी महाजाल हेच ग्रंथालय असते, आणि त्या ग्रंथालयाला ग्रंथपाल नसतो. त्यामुळे 'संकेतस्थळे वापरू नका' हा उपदेश त्याच्या बाबतीत 'अभ्यास करू नका' या उपदेशापेक्षा फारसा निराळा ठरत नाही.

विद्यार्थ्यांना साधनांची पारख शिकविण्यासाठी ग्रंथालयशास्त्राने पुरविलेली सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे कसोट्यांची यादी. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या चिको येथील ग्रंथालयात सॅरा ब्लेकस्ली यांनी २००४ साली तयार केलेली पाच कसोट्यांची यादी जगभर पसरली. माहिती किती ताजी आहे, विषयाशी संबद्ध आहे का, लेखकाचा अधिकार काय, अचूकता किती आणि हेतू कोणता, हे ते पाच प्रश्न. यांतला एकही प्रश्न निरर्थक नाही. मात्र प्राचीन व मध्ययुगीन वाङ्मयाच्या बाबतीत ही यादी लावून पाहिली की तिचे कसोटीपण गळून पडते. ताजेपणाचा निकष घेतला तर १९३३ साली प्रसिद्ध झालेले आदिपर्व गेल्या महिन्यात चढविलेल्या पानापुढे हरते. लेखकाच्या अधिकाराचा निकष घेतला तर त्याहून चमत्कारिक स्थिती होते.

महाजालावर सर्वाधिक वाचले जाणारे संपूर्ण इंग्रजी महाभारत म्हणजे किसारी मोहन गांगुली यांचे गद्य भाषांतर. ते १८८३ ते १८९६ या काळात कलकत्त्यास खंडशः प्रसिद्ध झाले. प्रकाशक प्रतापचंद्र रॉय यांचे नाव पुस्तकावर होते, भाषांतरकाराचे नव्हते, आणि त्यामुळे पुढे कित्येक वर्षे हे भाषांतर 'रॉय यांचे' म्हणूनच ओळखले गेले. ग्रंथालयांच्या सूचींतूनही ही चूक शिरली. म्हणजे 'लेखक कोण?' ही कसोटी प्रामाणिकपणे लावणाऱ्या विद्यार्थ्याला मूळ मुद्रित पुस्तकानेच चुकीचे उत्तर दिले असते. स्वामित्वहक्काच्या मुदतीतून मुक्त असल्यामुळे हे भाषांतर जॉन ब्रूनो हेअर यांनी १९९९ साली सुरू केलेल्या धर्मग्रंथांच्या संकेतस्थळावर आले, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आले, आणि तेथून असंख्य ठिकाणी उतरवून घेतले गेले. या उतरवून घेण्यात पुष्कळदा शीर्षकपृष्ठ गळाले, प्रस्तावना गळाली, वर्ष गळाले. उरला तो केवळ मजकूर.

आता या मजकुराला 'अविश्वसनीय' म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गांगुलींचे भाषांतर संपूर्ण आहे, परिश्रमपूर्वक केलेले आहे, आणि मूळ संस्कृताशी त्याची निष्ठा त्याच्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. परंतु ते प्रचलित पाठाचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात कलकत्ता व मुंबई येथे छापल्या गेलेल्या संहितांचे भाषांतर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ती त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते जमवून, त्यांच्या शाखा लावून, प्रत्येक श्लोकाचा पाठ ठरविणारे हे काम एकोणीस खंडांत झाले. गांगुलींच्या आदिपर्वात २३६ अध्याय आहेत. चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वात २२५. हा फरक केवळ क्रमांकांचा आहे असे मानून पुढे जाणाऱ्याला तो कोठे आणि किती महाग पडतो, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण सर्वपरिचित आहे. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे ही कथा गांगुलींच्या पहिल्याच अध्यायात आहे. चिकित्सक आवृत्तीच्या सिद्ध संहितेत ती नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात तिला पहिले स्थान मिळाले आहे. मोरित्झ व्हिंटरनिट्झ यांनी १८९८ सालीच या कथेच्या उत्तरकालीनत्वाकडे लक्ष वेधले होते. मौखिक आणि लिखित परंपरांची तुलना करणारा विद्यार्थी या कथेला 'महाभारताचे स्वतःच्या लेखनाविषयीचे भाष्य' म्हणून जेव्हा सादर करतो, तेव्हा त्याच्या सिद्धांताचा सगळा डोलारा परिशिष्टातल्या एका उताऱ्यावर उभा असतो आणि हे त्याला ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. स्वयंवरसभेत कर्ण धनुष्य सज्ज करून लक्ष्यवेधास उभा राहतो आणि द्रौपदी 'सूताला वरणार नाही' अशा अर्थाचे उद्गार उच्च स्वरात काढते. गांगुलींकडे हा प्रसंग आहे. चिकित्सक आवृत्तीत तो मुख्य संहितेतून काढून तळटीपेतल्या तारांकित उताऱ्यांत ठेवलेला आहे, कारण तो मोजक्या हस्तलिखितांतच आढळतो. लोकप्रिय कर्णकथांना या नकाराने मोठे भावनिक बळ पुरविले आहे. जातिव्यवस्था आणि महाकाव्य यांविषयीच्या चर्चेतही तो पुरावा म्हणून पुढे केला जातो. येथे संहितेच्या ज्ञानाने दोन विरुद्ध दिशांचा उतावळेपणा रोखला जातो. एक पक्ष म्हणतो, महाकाव्याच्या मुळातच हा अपमान आहे. दुसरा पक्ष चिकित्सक आवृत्तीचे नाव ऐकताच म्हणतो, अपमान प्रक्षिप्त आहे, म्हणून मूळ महाभारत त्या दोषापासून मुक्त आहे. दुसऱ्या पक्षाने चिकित्सक आवृत्ती उघडलेली नसते एवढेच यातून सिद्ध होते. रंगभूमीवरील शस्त्रपरीक्षेच्या प्रसंगी भीमाने कर्णाच्या सूतकुलावरून केलेली निर्भर्त्सना सिद्ध संहितेत जशीच्या तशी आहे. शिवाय प्रक्षेप म्हणजे कचरा नव्हे. ज्या कुणा कथकाला वा लेखनिकाला द्रौपदीच्या तोंडी हा नकार घालावासा वाटला, त्याच्या काळाचा आणि श्रोत्यांचा तो थेट पुरावा आहे. म्हणजे हा उतारा ज्या प्रश्नासाठी अग्राह्य आहे, त्याच्याच शेजारच्या प्रश्नासाठी तो प्रथम दर्जाचे साधन ठरतो.

तिसरे उदाहरण वस्त्रहरणाचे. प्रचलित पाठात द्रौपदी कृष्णाचा धावा करते. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या, १९४४ साली पूर्ण झालेल्या सभापर्वात हा धावा सिद्ध संहितेबाहेर गेला आहे. वस्त्रे निघत राहतात, पण ती कोण पुरवितो हे तेथे सांगितलेले नाही. भक्तिपरंपरेच्या तौलनिक अभ्यासकाला हा फरक कळला नाही तर मध्ययुगीन देशी भाषांतील कवींनी काय नव्याने आणले आणि काय वारशाने घेतले, याचा हिशेबच चुकतो. येथपर्यंत प्रकरण सरळ आहे. अडचण पुढे आहे. उद्योगपर्वात कृष्ण स्वतः सांगतो की दूर असताना द्रौपदीने आपल्याला नाव घेऊन हाक मारली होती आणि ते ऋण अजून फिटलेले नाही. हे वचन चिकित्सक आवृत्तीच्या सिद्ध संहितेत आहे. हाक सभापर्वातून वगळली गेली, हाकेची आठवण उद्योगपर्वात राहिली. आल्फ हिल्टेबाइटेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विसंगतीवरून संपादनपद्धतीलाच प्रश्न केले. तेव्हा 'गांगुली सोडा, चिकित्सक आवृत्ती धरा' एवढे सांगून मार्गदर्शकाची सुटका होत नाही. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपल्या संहितेचा दावा काटेकोरपणे मर्यादित केला होता: उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल असे सर्वांत प्राचीन रूप, व्यासांच्या मुखातून निघालेले मूळ महाभारत नव्हे. संपादकाने स्वतः घातलेली ही मर्यादा त्याच्या अनुयायांनी फार लवकर विसरून टाकली.

या तीन उदाहरणांत एकही लबाड संकेतस्थळ नाही, एकही बनावट बातमी नाही, कोणाचा दुष्ट हेतू नाही. साधनांच्या पारखेविषयीचे बहुतेक अध्यापनसाहित्य खोटेपणा ओळखण्यावर भर देते. साहित्याभ्यासाच्या विद्यार्थ्याला खोट्यापेक्षा निनावी खऱ्याचा धोका मोठा असतो. संकेतस्थळ प्रामाणिक आहे, मजकूर अचूक उतरविलेला आहे, फक्त तो कशाचा मजकूर आहे हे सांगणारी ओळ हरवलेली आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मॅग्रू यांनी केलेल्या अभ्यासाकडे या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरते. २०१७ साली प्रथम प्रसृत झालेल्या या अभ्यासात दहा इतिहासकार, बातम्यांची शहानिशा करणारे दहा व्यावसायिक आणि पंचवीस पदवी-विद्यार्थी अशा पंचेचाळीस जणांना संकेतस्थळांची पारख करण्यास सांगण्यात आले. इतिहासकार आणि विद्यार्थी पानाच्या आतच रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, संदर्भांची यादी यांवरून मत बनवीत राहिले. शहानिशा करणारे लोक मात्र जवळजवळ लगेच पानाबाहेर पडले आणि त्या संकेतस्थळाविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहून परत आले. या रीतीला 'आडवे वाचन' म्हणता येईल. कसोट्यांच्या यादीपेक्षा ही रीत कितीतरी सरस आहे यात शंका नाही, आणि इतिहासकारांसारखे मुरलेले वाचक पडद्यावर फसले ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने मनावर घेण्याजोगी आहे.

तथापि आडव्या वाचनाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. त्या रीतीने बोलणारा कोण, त्याच्या पाठीमागे कोणाचा पैसा, कोणाचे हितसंबंध हे कळते. गांगुलींचे भाषांतर ठेवणाऱ्या संकेतस्थळाविषयी इतरत्र चौकशी केली तर उत्तर अनुकूलच येईल, आणि विद्यार्थी निःशंक मनाने कर्णाच्या नकाराकडे परतेल. आडव्या वाचनाला उभ्या वाचनाची जोड हवी. या पानावरचा मजकूर कोणत्या पानावरून आला, ते कोणत्या पुस्तकातून, ते पुस्तक कोणत्या आवृत्तीवरून, ती आवृत्ती कोणत्या हस्तलिखितांवरून, असे खाली खाली उतरत जाणारे ते वाचन आहे. हे कौशल्य नवे नाही. पाठचिकित्सेचे शास्त्र दुसरे काही करीत नाही.

मराठीला या शास्त्राची सवय जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे तीत स्वतःची ओवी मिसळणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. त्या शुद्धीकरणाने काय मिळाले आणि काय गमावले याचा वाद वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हा पुन्हा पेटला. त्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयीही मतभेद झाले. तुकारामांच्या गाथेची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली पंडितांची आवृत्ती, पु. मं. लाड यांनी सिद्ध केलेली १९५० ची शासकीय आवृत्ती, वारकरी फडांवर चालणाऱ्या निरनिराळ्या प्रती, या सर्वांत अभंगांची संख्या वेगळी, क्रम वेगळा. साहजिकच 'तुकारामगाथा, अभंग क्रमांक अमुक' हा संदर्भ आवृत्ती सांगितल्याविना निरर्थक असतो. दिलीप चित्रे यांच्या १९९१ मधील इंग्रजी भाषांतरांवरून तुकारामापर्यंत येणारा आणि मूळ अभंग महाजालावर शोधणारा विद्यार्थी जेथे पोहोचतो, तेथे आवृत्तीचे नाव असेलच असे नाही. वर पुन्हा गाथेत नसलेले, पण 'तुका म्हणे' या मुद्रेने संपणारे अभंग त्याच्या वाटेत येतात. मुद्रा ही जुन्या काळची स्वाक्षरी खरी. पण ती कोणालाही करता येत असे, आणि आजही येते.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असे. लेखनिकाचे नाव, स्थळ, शक, संवत्सर, कधी ज्याच्यासाठी लिहिले त्याचे नाव. आणि बहुधा अशी विनवणी की समोरच्या पोथीत जसे दिसले तसे उतरविले आहे, चूक असेल तर दोष उतरविणाऱ्याला लावू नये. ही विनवणी औपचारिक वाटली तरी तीत एक मोलाची कबुली आहे: ही प्रत आहे आणि तिच्यामागे दुसरी प्रत होती. महाजालावरचे बहुतेक मजकूर पुष्पिकेविना फिरतात. विद्यार्थ्याला द्यायचे पहिले शिक्षण म्हणून ते एवढेच: हरवलेली पुष्पिका पुन्हा लिहून काढणे.

अशा अभ्यासासाठी मोठ्या सामग्रीची गरज नाही. एक विधान द्यावे, उदाहरणार्थ द्रौपदीच्या नकाराचे, आणि त्याच्या खरेखोटेपणाविषयी काही न विचारता त्याची वंशावळ मागावी. विद्यार्थी ज्या पानावर ते वाचतो त्या पानाखाली काय आहे, ते कोणत्या भाषांतरातून आले, भाषांतरापुढे कोणती मुद्रित संहिता होती, त्या संहितेत नीळकंठाची टीका होती काय, चिकित्सक आवृत्तीत हा मजकूर वर आहे की खाली, आणि खाली असल्यास किती हस्तलिखितांच्या साक्षीवर. साखळीतला जो दुवा सापडत नाही तो 'सापडत नाही' असे लिहिण्याची मुभा असावी, नव्हे त्याला गुण असावेत. अर्धी वंशावळ प्रामाणिकपणे देणारा विद्यार्थी पूर्ण संदर्भ विश्वासाने नक्कल करणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला असतो.

नीळकंठाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. सतराव्या शतकात वाराणसीत बसून महाभारतावर 'भारतभावदीप' लिहिणारे नीळकंठ चतुर्धर मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील प्रती जमवून पाहिल्या आणि सुंदर वाटलेले पुष्कळसे सामावून घेतले. त्यांचा पाठ हाच पुढे प्रचलित पाठ झाला. सुकथनकरांच्या दृष्टीने ही सर्वसंग्राहकता दोषास्पद होती. सतराव्या शतकातील काशीच्या मराठी पंडितांचे महाभारत कसे होते हे विचारणाऱ्याला तीच सर्वांत जवळची साक्ष आहे. चित्रशाळा मुद्रणालयाने पुण्यात छापलेली नीळकंठी संहिता आज महाजालावर छायाप्रतीच्या रूपाने मिळते. प्रश्न बदलला की साधनांची उतरंड बदलते, हे विद्यार्थ्याला अशा एका उदाहरणावरून जितके कळेल तितके कसोट्यांच्या दहा याद्यांवरून कळणार नाही.

छायाप्रत आणि टंकलिखित प्रत यांतला भेदही शिकविण्याजोगा आहे. छायाप्रतीत शीर्षकपृष्ठ असते, मुद्रकाचे नाव असते, तळटीपा असतात, कोण्या जुन्या वाचकाने समासात केलेली खूणही असते. शोधता मात्र येत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या उपक्रमातून आलेल्या आणि पुढे इतरत्र साठविल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत अशा तऱ्हेने नोंदविलेली आढळतात की पुस्तक असूनही सापडू नये. टंकलिखित प्रतीत शब्द क्षणात सापडतो, पण संपादनाची सगळी साक्ष गेलेली असते. मुनेओ तोकुनागा यांनी क्योतो येथे चिकित्सक आवृत्तीची संहिता संगणकात भरली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. १९९० च्या दशकातील हे काम म्हणजे भारतविद्येवरचे मोठे उपकार आहेत. ग्यॉटिंगेन येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत ग्रंथांच्या संग्रहामुळे अशा संहिता सर्वांना खुल्या झाल्या आणि त्या संग्रहाने प्रत्येक संहितेच्या माथ्यावर ती कोणी भरली, कोणत्या आवृत्तीवरून भरली हे नोंदविण्याची शिस्त पाळली. आधुनिक पुष्पिकेचा हा उत्तम नमुना आहे. तरीही मुद्रित पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत येणारा पाठभेदांचा थर या संहितेत नाही, आणि चिकित्सक आवृत्तीचे चिकित्सकपण त्या थरात आहे.

विकिपीडियाविषयी प्राध्यापकांची भूमिका अद्याप तिरस्काराची आहे. तिचा परिणाम एवढाच होतो की विद्यार्थी विकिपीडिया वाचतो आणि तिच्या तळाशी दिलेला ग्रंथ न उघडता आपला संदर्भ म्हणून देतो. बंदीने त्याला अप्रामाणिकपणा शिकविला. वस्तुतः १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाचे पान ज्या अर्थी आपला प्रत्येक बदल दिनांक-वेळेसह जपून ठेवते, त्या अर्थी पाठभेदांचा इतिहास शिकविण्यासाठी त्याहून सोयीचे साधन नाही. कोणते वाक्य कधी घातले गेले, कोणी काढले, चर्चापानावर त्यासाठी कोणते कारण दिले, हे तेथे उघड दिसते. एकनाथांच्या हातची अशी नोंद मिळाली असती तर मराठी संशोधनाची पन्नास वर्षे वाचली असती.

याच्या अगदी उलट टोकाला २०२२ नंतर सर्वत्र पसरलेली, प्रश्नाला गुळगुळीत परिच्छेदात उत्तर देणारी यंत्रे आहेत. त्यांच्या उत्तरात प्रचलित पाठ, चिकित्सक आवृत्ती, दूरदर्शन मालिका आणि कादंबरी यांचे तुकडे एकजीव होऊ शकतात, आणि कोणता तुकडा कोठून आला हे सांगणारा सांधा दिसत नाही. काही वेळा अस्तित्वात नसलेले ग्रंथही संदर्भ म्हणून पुढे केले जातात. मयसभेत द्रौपदीने दुर्योधनाला 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' असे हिणविले, ही समजूत घराघरांत रुजली आहे. चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत असे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. दुर्योधन नंतर तक्रार करताना द्रौपदी व इतर स्त्रिया हसल्याचे सांगतो, तेवढाच आधार. ज्या समजुतीला लक्षावधी लोकांची पुनरुक्ती लाभली आहे, तिच्या बाजूने यंत्राचे माप झुकले तर नवल नाही. पुनरुक्ती म्हणजे साक्ष नव्हे. एका पोथीच्या शंभर नकला या शंभर साक्षी मानायच्या नसतात, हा पाठचिकित्सेतला प्राथमिक नियम आहे.

मजकुराचे कूळ वाचकापासून लपू न देण्याचा एक आदर्श मराठीतच आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) चिकित्सक आवृत्तीच्या आधारे लिहिले. द्रौपदीवरील लेखात महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी आणि तिच्याजवळ परतलेला भीम यांचा अखेरचा प्रसंग त्यांनी कल्पनेने रंगविला आहे, आणि तो रंगविण्यापूर्वी वाचकाला स्पष्ट सांगितले आहे की येथवरचे विवेचन चिकित्सक आवृत्तीवर आधारलेले आहे, यापुढची ही आपली 'नरोटी' आहे. शब्दही त्यांनी एकनाथांचा घेतला: नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी. मराठी समीक्षेत आपल्या निर्मितीला इतक्या निर्ममपणे वेगळे काढून ठेवल्याची उदाहरणे थोडी असतील. तो प्रसंग इतका परिणामकारक आहे की आधीचे वाक्य वगळून तो एकटाच फिरू लागला तर महाभारताचाच वाटावा. उताऱ्यांच्या रूपाने वाचन होणाऱ्या माध्यमात प्रथम गळते ते नेमके असे वाक्य, कारण त्यात भावना नसते, केवळ हद्द आखलेली असते. 'द्रौपदीचे अंतिम शब्द' म्हणून हा प्रसंग समोर आला तर विद्यार्थ्याने व्यासांचे महाप्रस्थानिक पर्व उघडावे. तेथे द्रौपदी पडते, भीम कारण विचारतो, युधिष्ठिर मागे न पाहता उत्तर देतो आणि चालू लागतो. द्रौपदी काहीही बोलत नाही. कर्वे यांच्या कल्पनेचे सामर्थ्य हे मौन वाचल्यानंतरच खऱ्या अर्थाने कळते. साधनाची पारख केल्याने साहित्याचा आस्वाद रुक्ष होतो, ही तक्रार येथे तरी टिकत नाही.

यातून व्यवहाराचा एक प्रश्न उरतो आणि तो अप्रिय आहे. वंशावळ शोधण्याचा हा अभ्यास शेवटी ज्या पाठभेदांच्या थरापर्यंत पोहोचतो, तो वाचण्यासाठी सांकेतिक चिन्हांची ओळख आणि थोडेतरी संस्कृत लागते. तौलनिक साहित्याच्या बहुतेक अभ्यासक्रमांत यांपैकी काहीच शिकविले जात नाही. सिद्धांतवाचनाला दोन सत्रे मिळतात, पाठचिकित्सेला दोन व्याख्यानेही मिळत नाहीत. भांडारकर संस्थेच्या एका मुद्रित पानाचे वाचन, वरची संहिता आणि खालची चिन्हे दोन्हींसह, एका तासिकेत होऊ शकते. त्यासाठी ग्रंथालयात एकोणीस खंड असण्याची गरज नाही. आदिपर्वाच्या स्वयंवराध्यायाची चार पाने पुरतात, आणि शेजारी गांगुलींचे तेवढेच भाषांतर.